पहिलं पान उजवीकडे

अण्णा, मी पत्ते वाटायला शिकलो. हसू नका. तुम्ही शिकवलं होतं ते वेगळं, हे वेगळं. जयपूरजवळचा बगरूचा कापडछपाईचा कारखाना, जिथे मी निम्मं आयुष्य माल रवाना करण्यात घालवलं, तो मालकाच्या मुलांनी बंद केला. पन्नाशी उलटलेल्या माणसाला आता कोण दारात उभं करतंय! महिनोन् महिने जोडे झिजवल्यावर एका लग्नं पार पाडून देणाऱ्या कंपनीत काम मिळायची चिन्हं दिसली. तुमच्या वेळी जयपूरला लोक किल्ला बघायला यायचे, आता लग्न करायला येतात, आणि हौस अशी की पाहुण्यांसाठी खोटा कॅसिनो मांडतात. हिरवी टेबलं, प्लास्टिकच्या चकत्या, जिंकलं तर चॉकलेटचा डबा. टेबलामागे काळं जाकीट घालून पत्ते वाटायला एक माणूस लागतो. तो माणूस म्हणजे तुमचा मुलगा. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून लाज न बाळगता लिहितोय.

खेळाचं नाव ब्लॅकजॅक. शिकवणारी मुलगी गोव्यातल्या बोटीवरच्या कॅसिनोत काम करून आलेली, माझ्या निम्म्या वयाची. अंकल म्हणते आणि अंकल म्हणत म्हणतच झापते. टोंक रोडवरच्या एका हॉलमध्ये, भर दुपारी, पंखे बंद आणि खुर्च्या एकावर एक रचलेल्या, तिथे आमचा वर्ग. खेळ तसा सोपा आहे. पानांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची, पण एकवीस ओलांडायचे नाहीत. राजा, राणी, गुलाम सगळे दहाचे. एक्का एक किंवा अकरा, जसा सोयीचा पडेल तसा. पाहुण्याला हवं तर तो आणखी पान मागतो, नको असेल तर नुसता हात आडवा फिरवतो. वाटणाऱ्याला मात्र स्वतःची अक्कल चालवायची मुभा नाही. सोळापर्यंत असतील तर पान घ्यायचंच, सतरा झाले की थांबायचंच. ‘अंकल, आपको सोचना नहीं है,’ ती म्हणाली, आणि खरं सांगू अण्णा, मला इतकं हायसं वाटलं! घरात आईची औषधं, आईचे डॉक्टर, आईला तासभर एकटं ठेवायचं की नाही, सगळं मीच ठरवतोय. डोकं पार शिणलंय. इथे निदान कुणीतरी सांगत होतं की तुम्ही काही ठरवू नका.

पण घोडं अडलं ते तुमच्यापाशी. ब्लॅकजॅकमध्ये पहिलं पान वाटणाऱ्याच्या डाव्या बाजूच्या माणसाला जातं आणि तिथून पुढे. माझा हात उजवीकडेच जायचा. ‘लेफ्ट से, अंकल! लेफ्ट से!’ सगळा वर्ग हसायचा. शास्त्री नगरच्या भाड्याच्या घरातला तो रविवार तुम्हाला आठवत नसेल. मी आठ-नऊ वर्षांचा. बाहेर लूचा गरम वारा चाललेला, स्वयंपाकघराच्या फरशीवर पाणी मारून आपण चादर अंथरलीय. तुम्ही बनियनवर, आई एक डोळा दुधावर ठेवून मेंढीकोटाची पानं लावतेय, आणि चौथे शेजारचे जोशी. त्या दिवशी पहिल्यांदाच तुम्ही मला पिसायला दिलंत. मी ऐटीत पिसले आणि पहिली पाच पानं टाकली डावीकडे, जोशींच्या पुढ्यात. तुम्ही सगळी पानं गोळा केलीत. मग म्हणालात, ‘तीर्थ डाव्या हातावर घेतोस का रे? मग? पहिलं पान उजवीकडे. बदली होऊन इतक्या लांब आलो म्हणून काय घरातली रीत सोडायची?’ मला रडूच फुटलं. जोशी म्हणाले, जाऊ द्या हो, पोर आहे. तुम्ही जाऊ दिलं नाहीत. तेव्हापासून तुमच्या उजव्या हाताला आई बसायची आणि पहिलं पान कायम तिला यायचं.

आता माझ्या उजव्या हाताला बसते. आईचं काय झालंय हे तुम्हाला कसं सांगू? तुम्ही गेलात हे ती विसरते. दूध ठेवलंय हे विसरते. कधी कधी सुनेला ‘बाई, तुम्ही कुणाकडच्या?’ म्हणून विचारते. पण दुपारी चहानंतर मी, ही आणि ती असे बदाम सात खेळायला बसलो, की तासभर ती आपली आई असते. चौकटचा अठ्ठा दाबून धरते, आम्हाला अडवते, वर म्हणते, ‘बापावर गेलायस, पानं लपवता येत नाहीत.’ त्या तासावर आम्ही दोघं उरलेला दिवस ढकलतो.

गोव्याच्या मुलीने निक्षून सांगितलं होतं, गुरुवारच्या चाचणीत एकदा जरी उजवीकडून सुरुवात केली तर हा लग्नाचा मोसम विसरा. मग मी घरी जेवणाच्या टेबलावर चार स्टीलच्या वाट्या मांडल्या, पाहुणे म्हणून, आणि सकाळ-संध्याकाळ डावीकडून पानं टाकत बसलो. ही म्हणायची, ‘अहो, वाट्यांना तरी जिंकू द्या!’ सुरुवातीला प्रत्येक पान टाकताना तुमचा आवाज ऐकू यायचा. मग हळूहळू ऐकू येईनासा झाला. गुरुवारी एकदाही चुकलो नाही. ती मुलगी म्हणाली, ‘वाह अंकल, अब हाथ सेट हो गया.’ जाकिटाचं मापही घेतलं. घरी येताना पाव किलो मावा कचोरी घेतली.

चहा झाला, कचोरी झाली, आम्ही खेळायला बसलो. मी पिसले, वाटले. ही माझ्याकडे बघायला लागली तेव्हा लक्षात आलं, की पहिलं पान हिच्यापुढे पडलंय, डावीकडे, आणि आई हात पुढे करून थांबलीय. तिने हात मागे घेतला. पदर सारखा केला. माझ्याकडे नीट बघितलं, आणि भाजीवाल्याशी बोलते त्या हिंदीत म्हणाली, ‘भैया, हमारे में ऐसा नहीं बाँटते. आप किधर से आए?’ मग सुनेला मराठीत, ‘अगं, पाहुण्यांना पाणी दे. उन्हातून आलेत.’

ही उठली, गेली, पाणी घेऊन आली. डोळ्यात टिपूस नाही, आता आमचं रडून झालंय. मी पानं गोळा करून पुन्हा उजवीकडून वाटायला हवी होती. तेवढंच करायचं होतं, कदाचित ती परत आलीही असती. पण आई माझ्याकडे इतक्या मायेने बघत होती, अण्णा, परक्या माणसाकडे बघावं तशी. म्हणाली, ‘बहुत थक गए क्या, भैया?’ हे मला किती दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. मी पेला उचलला आणि हिंदीतच म्हणालो, ‘हाँ माँजी, बहुत.’