ट्रकच्या ट्यूबचं चिलखत

७ जानेवारी

माफ कर. जूननंतर तुला हात लावला नाही. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण तुझ्याशीही खोटं बोलायला लागले तर मग संपलंच. वेळ होता. ताईचं ऑपरेशन झालं आणि त्याबद्दल मला एकही नीट वाक्य सुचेना. आता लिहिते : उजवा स्तन काढला. हे बघ, लिहिलं. कागद फाटला नाही.

आज उघडलं ते मात्र हास्यास्पद कारणासाठी. आमच्या हौशी नाटक मंडळाचं नवं नाटक – जग बुडून गेल्यावर उरलेल्या माणसांचं – आणि त्यातले सगळे पोशाख, सगळ्या वस्तू मी करणार! मी! जिला उशीचा अभ्रा सरळ शिवता येत नाही. दिग्दर्शक म्हणजे आमचे दंतवैद्य. ते म्हणाले, “बाई, तुम्ही विमा कंपनीत. दिवसभर जळालेल्या, गंजलेल्या, चेपलेल्या वस्तूंचे फोटो तपासता. नुकसान तुमच्याइतकं कुणाला कळणार?” आणि मी फुगले. एवढ्याशा स्तुतीवर फुगणारी बाई चिलखत काय शिवणार?

हो म्हणाले त्याचं खरं कारण वेगळं. टोळीच्या म्हाताऱ्या राणीचं काम ताई करणार आहे. बियाणं जपून ठेवणारी राणी. उपचार संपल्यावर पहिल्यांदाच ती कशाला तरी आपणहून हो म्हणाली. केस अजून बोटभरच आहेत. म्हणाली, “केस तर आधीच भूमिकेत शिरलेत. आता बाकीची मी मागून येते.”

तिला पुन्हा रंगमंचावर बघायचंय. बस्स, एवढंच.

१० जानेवारी

मीच नियम केलाय : काहीही विकत घ्यायचं नाही. सगळं लोकांनी टाकून दिलेलं. दुसरा नियम : न विचारता काही उचलायचं नाही. टाकलेलं असलं म्हणून काय, कुणाचं तरी असतंच.

दुसऱ्या नियमामुळे पहिला बुडाला. कोपऱ्यावरच्या घराबाहेर एक मोडकी छत्री पडली होती, तारा झकास वर आलेल्या. मी बेल वाजवली. आजोबा बाहेर आले. “ही छत्री टाकलीय का तुम्ही? मी घेऊ?” त्यांनी छत्री हातात घेतली, उघडली, मिटली, माझ्याकडे संशयाने बघितलं. “का हो? कशाला हवी?” आणि छत्री घेऊन आत गेले! पुढच्या घरी फुटक्या बादलीचं तेच झालं. मी विचारलं की कचऱ्याची किंमत वाढते.

नवरा म्हणाला, “सगळ्या गल्लीला जुन्या वस्तूंचं प्रेम लागलंय तुझ्यामुळे. अंधारात उचलून आण की.” पण मला जमत नाही. कुणी बघेल म्हणून नव्हे – असं मला वाटतं. खरं तर कुणी बघेल म्हणूनच.

१३ जानेवारी

टायरवाल्याने ट्रकची फाटकी ट्यूब दिली. विचारलं तर म्हणाला, “न्या हो! वर उचलायला माणूस देऊ का?” या माणसाचं भलं होवो.

ऑफिसातले मोडके कीबोर्ड मागायला अर्ज केला. चक्क मंजूर झाला. साहेबांनी खाली शेरा मारलाय : “वस्तूंचा गैरवापर होऊ नये.” आता कीबोर्डांच्या कळा उपटून टोळीच्या माळा करतेय. हा गैरवापर का? दोनदा विचार केला. मग उपटल्या.

१९ जानेवारी

नवं दिसणं हा आमच्या धंद्यातला सर्वांत मोठा गुन्हा. आज मी नवऱ्याचा जुना रेनकोट दगड घालून वॉशिंग मशीनमध्ये फिरवला. रेनकोट सुंदर झिजला. मशीनही झिजलं. आता ते विमान उडाल्यासारखा आवाज करतं.

नवरा शांतपणे म्हणाला, “नवीन वस्तू घरात आली की तू ती जुनी करतेस. जुनी झाली की तिचा मुकुट करतेस. मी पन्नाशीला येतोय. माझं काय ठरलंय ते आधी सांग.”

मग पॉलिश पेपर, चहाचं पाणी, काजळी. तालमीला नेलं तर दंतवैद्यांनी रेनकोट दिव्याखाली धरला, एक डोळा बारीक केला. “छान आहे. पण अजून थोडा किडलेला हवा.”

२४ जानेवारी

राणीचं चिलखत. ट्यूब कापून पसरली, वरून चेपलेल्या डब्यांचे पत्रे, खांद्यावर टायरचे तुकडे. ताईचा उजवा हात पुरता वर जात नाही, म्हणून डोक्यावरून घालायचं नाही. डाव्या काखेखाली बक्कल लावलं. दप्तराचं आहे, लेकीचं. (तिला विचारलं. ती म्हणाली, “आई, प्लीज, हे पण विचारायचं असतं?”)

ताईचं आणि माझं माप लहानपणापासून एक, म्हणून माझ्याच अंगावर बेतते. आरशात बघितलं तर जगबुडीतून वाचलेली कारकून! डावीकडे बक्कल दाबतंय. घासून घेतलं पाहिजे.

एक प्रश्न आहे. उजव्या बाजूचं काय करायचं? दोन्हीकडे सारखा उंचवटा दिला तर तिथे आत पोकळी राहणार. दिला नाही तर सगळ्यांना दिसणार. ताईला काय हवंय?

विचारायला हवं. विचारीन.

२७ जानेवारी

विचारलं नाही. फोन केला, तिच्या कुंड्यांबद्दल बोलले. अर्धा तास! कुंड्यांबद्दल!

२८ जानेवारी

जुन्या गादीचा फोम कापून आत उजवीकडे नीट गोल उशी चिकटवली. वरून काही कळत नाही. आतूनही कळू नये म्हणून अस्तर लावलं. फार सफाईने केलंय – माझ्या आयुष्यातली पहिली सफाईदार शिवण. तिला सांगायचीही गरज पडणार नाही. ती घालेल आणि बसेल बरोबर.

मी किती समंजस आहे असं वाटून संध्याकाळभर मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. हे लिहून ठेवते, पुढे शरम वाटायला उपयोगी पडेल.

३ फेब्रुवारी

ताईला चिलखत घालून बघितलं. सगळे भोवती जमले. दंतवैद्य म्हणाले, “वा! अगदी नैसर्गिक!” ताईने दोन्ही हात समोर नेले, खाली बघितलं, उजवीकडे बोटाने दाबलं. फोम दबला आणि परत वर आला. तिने परत दाबलं. “बरोब्बर बसलंय,” एवढंच म्हणाली. काढलं, घडी घालायचा प्रयत्न केला – ट्यूबची काय घडी होणार! – आणि घरी गेली.

बक्कल घासलं तरी मला डावीकडे अजून दाबतंच. माझ्या हातात गुणच नाही.

५ फेब्रुवारी

ताईने दंतवैद्यांना निरोप दिला : जमणार नाही, दुसरं कुणी बघा. मला नाही सांगितलं. त्यांना सांगितलं.

मी फोन केला. म्हणाली, “अगं, थकायला होतं.” मी म्हटलं, “बरं.” बरं! बहीण एवढं हातचं सोडतेय आणि मी ‘बरं’ म्हणते!

नवरा म्हणाला, “चिलखतावरून काही झालंय का? विचार ना तिला.” मी म्हटलं, तिला बरं वाटेल असंच केलं होतं. तो म्हणाला, “गल्लीभर फिरून मोडक्या बादलीला परवानगी विचारतेस.”

९ फेब्रुवारी

राणीचं काम आता औषधांच्या दुकानातल्या बाई करणार. त्या चांगल्या आहेत, पण टोळीला हुकूम देताना ‘जेवणानंतर घ्या’ म्हणतील असं वाटतं. चिलखत त्यांना घट्ट होतं.

चिलखत तालमीच्या हॉलवरच ठेवलं. दोन आठवडे खपून लावलेल्या धुळीवर खरी धूळ बसू नये म्हणून काळ्या पिशवीत घालून, तोंड बांधून, कोपऱ्यात. लेक म्हणाली होती, वर नाव लिही. पण चिठ्ठी चिकटवली तर डिंकाने पत्र्यावरचा गंज निघेल. तो गंज मी स्वतः आणलाय, मिठाच्या पाण्याने!

१२ फेब्रुवारी

चिलखत गेलं.

हॉल झाडणाऱ्या मावशींनी ते सकाळच्या कचऱ्याच्या गाडीत टाकलं. पिशवी सोडून बघितलीसुद्धा त्यांनी. “बघितलं की! टायर, पत्रे, मळकं फडकं. म्हटलं, कोण हा घाणेरडा माणूस, हॉलमध्ये कचरा आणून टाकतो!”

दंतवैद्यांनी माझा हात हातात घेतला. “बाई, अभिनंदन. याहून मोठी दाद मिळणं शक्य नाही.” मी पायरीवर बसले, हसू लागले, मग रडू लागले, आणि त्यातलं कुठलं थांबवायचं ते कळेना. त्याच अवस्थेत ताईला फोन लावला. सगळं सांगितलं. मग ती हसायला लागली – जूननंतर ऐकलं नव्हतं असं, खोकला येईपर्यंत.

“आणि ती उशी? तीपण गेली?”

“तीपण.”

“चला! एकदा डॉक्टरांनी काढला, एकदा मावशींनी. आता तरी पुरे म्हण.”

मग ती हळू म्हणाली, “मला विचारायचं होतंस, शहाणे. आरशात बघितलं तर तिथे दुसरीच कुणीतरी बाई उभी. तुला आवडेल अशी. मला वाटलं, हिलाही मी अशी बघवत नाही.”

“तसं नव्हतं गं.”

“माहीत आहे. पण तू बोललीच नाहीस ना. कुंड्यांबद्दल बोललीस!”

मी म्हटलं, “ताई, उजव्या बाजूचं काय करू?”

एवढं छोटं वाक्य. पंधरा-वीस दिवस न विचारलेलं.

“ट्यूब आहे का अजून? मी येते.”

१३ फेब्रुवारी

रजा टाकली. ताई सकाळीच आली, स्वतःची कात्री घेऊन. माझ्या कात्रीवर तिचा कधीच विश्वास नव्हता. टायरवाल्याने उरलेली ट्यूब दिली, वर विचारलं, “आधीची पंक्चर झाली का?”

ताईने ब्लाउजवरूनच माझा हात धरून उजवीकडे ठेवला. सपाट. गरम. “हे असंय. आता माप घे.” मी घेतलं. परत घेतलं, मग तिसऱ्यांदा. ती म्हणाली, “एवढं काय? दावा तपासतेयस असं समज.”

मग तिलाच सुचलं. “राणी बियाणं कुठे ठेवते?” कमरेच्या पिशवीत, मी म्हटलं. “छे. कमरेची पिशवी कुणीही कापेल. इथे ठेवेल. आयती जागा आहे. इथे खिसा कर.”

उजव्या बाजूला, सपाट जागेवर, ट्यूबचा खिसा. बक्कल नको म्हणाली. मधोमध भोकं पाडून बुटांच्या नाड्या ओवल्या. शिवता शिवता तिने माझ्या मागच्या शिवणीची टर उडवली, माझ्या फोमची उडवली, कुंड्यांची तर दिवसभर. मी आनंदाने ऐकत राहिले.

औषधांच्या बाईंना फोन केला. त्यांनी आढेवेढे न घेता काम परत दिलं. “सुटले बाई,” म्हणाल्या.

१६ फेब्रुवारी

काल प्रयोग झाला. आधी फजिती लिहिते. दंतवैद्यांच्या नरसाळ्याच्या मुखवट्यातून एक शब्द ऐकू आला नाही. कीबोर्डची माळ तुटली आणि कळा पहिल्या रांगेपर्यंत घरंगळल्या, एका बाईंनी मध्यंतरात एक आणून दिली, “तुमचं ‘एंटर’ पडलं होतं.” रेनकोटाची बाही लढाईच्या आधीच शत्रूच्या हातात आली.

आणि ताई. शेवटी टोळी म्हणते, आता काही उरलं नाही. ती उभी राहिली. एक बाजू भरलेली, एक सपाट. सगळ्यांना दिसत होतं. तिने उजव्या खिशात हात घातला आणि मूठभर बी बाहेर काढलं. हात पुरता वर गेला नाही. जेवढा गेला तेवढाच तिने धरून ठेवला.

मी विंगेत सुई-दोरा धरून उभी होते. काय शिवणार होते देव जाणे.

नंतर ती मला म्हणाली, “खिसा खोल झालाय. बी शोधावं लागलं.” आमच्या घरात याला कौतुक म्हणतात.

१७ फेब्रुवारी

चिलखत घरी आणलं. ठेवून देण्याआधी एकदा अंगावर घालून आरशात बघावं म्हटलं, गंमत म्हणून. नाड्या आवळल्या. उजवीकडे आवळणार हे ठाऊकच होतं, पण डावीकडेही दाबलं. तिथेच.

बक्कल मागच्या चिलखताबरोबर गेलं. इथे डावीकडे नुसती ट्यूब आहे, मऊ. काढलं, उलटं करून बघितलं, बोट फिरवलं – शिवण नाही, पत्रा नाही, काही नाही. मग तेच बोट स्वतःवर फिरवलं.

गाठ आहे. वाटाण्याएवढी.

इतके दिवस मी बक्कल घासत होते.

नवरा बाहेर त्या मशीनला शिव्या देतोय. त्याला आत बोलावते आता.

उद्या : ताईला सांगणे. कुंड्यांबद्दल न बोलता.