पाच किलो रिंगवूड

मूना, होबार्ट
एप्रिलची चार तारीख

अल्विन यास मर्व्हिनचा नमस्कार.

(नमस्काराच्या आधी ‘प्रिय’ लिहावं की नाही, या विचारात एक कप चहा गार झाला. शेवटी म्हटलं, नऊ वर्षांनी लिहितोय, पहिल्याच ओळीत खोटं नको.) तुझा गुडघा कसा आहे? डावा की उजवा ते विसरलो, तेव्हा दोन्ही विचारले असं समज. कोंबड्या अंडी देतात ना? ट्रक अजून तोच आहे का, ज्याचं दार आतून लाथ घातल्याशिवाय उघडत नाही? आमच्याकडे सगळं ठीक आहे. (हे वाक्य रिवाज म्हणून लिहिलं. ठीक काहीही नाही, पण तिथे मी सावकाश येणार आहे, कारण मला तिथे यायचंच नाहीये.) फोनच करणार होतो. केलाही होता, मागच्या आठवड्यात, दोनदा. दोन्ही वेळा ‘मी मर्व्ह’ एवढं ऐकून तू फोन ठेवलास. कागद असा मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा कागद.

आधी जुनं उकरून काढतो, म्हणजे त्याचा निकाल लागेल. तुझ्या साठीच्या दिवशी तुझ्या अंगणात तू मला हातात ग्लास दिलास, स्वतः केलेल्या बिअरचा. मी एक घोट घेतला, वीस माणसांसमोर म्हणालो की ही बिअर ओल्या मेंढीसारखी लागते, आणि उरलेला ग्लास तुझ्या लिंबाच्या आळ्यात ओतला. (त्या वर्षी लिंबाला फांद्या मोडेपर्यंत लिंबं आली म्हणे. ग्लेनिसनं मला हे दहा वेळा तरी ऐकवलंय.) तू म्हणालास, “मर्व्ह, चालता हो.” मी झालो. गाडीत बसल्यावर ग्लेनिसनं एवढंच विचारलं, “दादा तो हॉप कुठून आणतो, माहीत आहे ना तुला?” माहीत होतं की. तुमचे बाबा बिअरला कडूपणा देणारी हॉपची फुलं वाळवायच्या भट्टीवर कामाला होते, तेव्हा त्यांनी शेडमागे लावलेल्या वेलींचाच तो. जुना रिंगवूड वाण. माहीत असून बोललो. मला तेव्हा माझ्या नाकाची फार घमेंड होती.

घमेंडीला कारणही होतं रे. घरी बिअर करणाऱ्यांच्या आमच्या होमब्रू मंडळाची घाऊक हॉपखरेदी बावीस वर्षं या एका नाकावर चालली आहे. मार्चमध्ये खोऱ्यातली हॉपची तोडणी उरकली की व्यापाऱ्याकडून नमुन्यांच्या पुड्या माझ्या घरी येतात. मी प्रत्येक वाण तळहातावर चोळतो, हुंगतो, गरम पाण्यात घालून चाखतो, आणि मग मंडळाच्या बैठकीत जाहीर करतो की यंदा काय घ्यायचं आणि कशाला हात लावायचा नाही. मग भिंतीवर यादी लागते, ज्यानं त्यानं आपलं नाव आणि वाण लिहायचं, आणि महिन्याभरात चंदेरी पाकिटं येतात, पाच पाच किलोची, आत दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या (बघणाऱ्याला कोंबड्यांचं खाद्य वाटतं). हल्लीच्या वाणांना आंब्याचा वास असतो, संत्र्याचा असतो, एकाला तर चक्क पॅशनफ्रूटचा आहे. हे सगळं मीच मंडळाला शिकवलं. आणि काय टाळायचं हे कळावं म्हणून रिंगवूडची एक बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. वर चिठ्ठी: ‘वाईटाचा नमुना’. नवीन सभासद आला की त्याच्या नाकाखाली ती बरणी धरायची आणि म्हणायचं, बाबा रे, हे असं नको.

आता ग्लेनिस. नाताळात फोनवर तिचा आवाज बसला होता, तो सर्दीनं नव्हता. तिच्या पोटात गाठ आहे. ऑक्टोबरपासून केमो चालू आहे. तुला कळवायचं नाही अशी तिची ताकीद होती. “दादा टोपी हातात धरून येईल आणि दारात नुसता उभा राहील, मला ते बघवणार नाही,” म्हणाली. केस गेले, त्याचं तिनं फारसं मनाला लावून घेतलं नाही. (“तुझे गेले तेव्हा कोणी फुलं आणली नव्हती,” हे वर मलाच.) पण केसांच्या मागोमाग चव गेली आणि तिथे सगळं बिघडलं. काहीही तोंडात घातलं की लोखंड लागतं. मी स्वयंपाक शिकलो. (हस. मीही हसलो असतो.) शिंपल्यांचं सारण भरून भट्टीत स्कॅलॉप-पाय भाजला, तर तिनं एक घास चावून विचारलं, “मर्व्ह, यात खिळे घातलेस का?” भोपळ्याचं सूप केलं, तर म्हणाली पन्हळीखाली तोंड धरल्यासारखं वाटतंय. शेजारपाजारच्या बायका कॅसरोल आणून देतात, ती नको म्हणते, टाकवत नाही म्हणून मी खातो. माझं वजन सहा किलोनं वाढलं आणि तिचं त्रेचाळीसवर आलं. तिच्या अंगावरचं उतरून माझ्या अंगावर चढतंय आणि मला ते परत देता येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बेचाळीसच्या खाली गेली तर पुढचा केमो देता येणार नाही. मी विचारलं, नाही दिला तर? त्यांनी पेनाला टोपण लावलं.

अशात यंदाच्या पुड्या आल्या. चौदा. मंडळातल्यांना सांगणार होतो की यंदा मला सवड नाही, पण ग्लेनिस म्हणाली, तोंड वाकडं करून घरात बसण्यापेक्षा हुंग जा. मी चौदा कपांत चौदा वाण घातले, वर गरम पाणी ओतलं आणि वही घेऊन बसलो. तर ही शाल गुंडाळून आली आणि समोरच्या खुर्चीत बसली. अडतीस वर्षांच्या संसारात जिनं माझ्या बिअरला कधी ओठ लावला नाही, ती म्हणाली, “दे इकडे. बिअर नाहीये ना अजून? तसंही मला सगळं सारखंच लागतं, तुझी तरी मदत होईल.” आंब्याच्या वासाचा चाखला आणि म्हणाली, रेल्वेच्या रुळावर आंबा ठेवून चाटल्यासारखं. संत्र्याचा नेलपॉलिशसारखा. पॅशनफ्रूटच्या वाणाला (ज्यावर मी मागच्या वर्षी दीड तास भाषण दिलं होतं) तिनं काहीच नाव दिलं नाही, उठून सिंकमध्ये थुंकून आली. येताना खिडकीत हात घातला. “आणि हे? याचा का नाही केला?” मी म्हटलं, अगं तो वाईटाचा नमुना आहे. ती म्हणाली, “मग मला शोभेल.”

केला. पाच ग्रॅम, एक कप पाणी, पाच मिनिटं, गाळून. तिनं एक घोट घेतला. मग दुसरा. मग तिनं कप नाकाशी धरला आणि डोळे मिटले. म्हणाली, “बाबांचा कोट. भट्टीवरून आले की दाराच्या मागे टांगायचे ना, तो. मी आणि दादा त्यात शिरून लपायचो.” सगळा कप संपवला आणि म्हणाली, तोंडातलं लोखंड गेलं, काही आहे का खायला? अल्विन, तिनं दोन टोस्ट खाल्ले. वर एक अंडं. मी सिंककडे तोंड करून भांडी घासायला लागलो. भांडी घासलेलीच होती.

तेव्हापासून रोज सकाळी एक कप. पंधरा-वीस मिनिटं चव येते, तेवढ्यात जे जाईल ते जातं. (डॉक्टरीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, यानं आजार हलणार नाही, पण जेवत असेल तर आमची ना नाही.) वजन त्रेचाळीसवर थांबलंय. पण बरणी केवढी ती! आता तळाला चारपाच दिवसांचा भुगा उरलाय.

म्हणजे रिंगवूड मागवणं आलं. भिंतीवरच्या यादीत. आणि तिथे माझ्या नावापुढे ‘रिंगवूड’ लिहायचं म्हणजे बावीस वर्षांची भाषणं गिळायची. मी काय केलं असेल? बेव्हन आठवतो ना, जाड भिंगांचा? तो दोन वर्षांपूर्वी वारला, पण त्याचं नाव यादीतून काढायचा धीर कोणाला झालेला नाही. मी कोणी बघत नाहीसं पाहून बेव्हनच्या नावापुढे लिहिलं: रिंगवूड, पाच किलो. (लाज वाटते. पण लिहिताना वाटली नाही, हेही सांगतो.) बैठकीत चिटणीसबाई यादी मोठ्यानं वाचायला लागल्या आणि बेव्हनपाशी अडखळल्या. मागून कोणीतरी म्हणालं, “मेला तरी अक्कल नाही आली.” दुसरा म्हणाला, “तिकडे मर्व्ह नाही ना टोकायला, म्हणून फावलं त्याचं.” हॉल हसून हसून लोटपोट झाला. मी उभा राहिलो. म्हटलं, ते माझं आहे. मग तर कोणी पोट धरून खुर्चीवरून घसरायचंच बाकी होतं. मग म्हटलं, ग्लेनिससाठी आहे, तिला तेवढंच चालतं. हसणं तिथल्या तिथे थांबलं. कोणी कोणाकडे बघेना. हसत होते ते परवडलं होतं रे.

नंतर एक जण दारापाशी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “मर्व्ह, पाच किलो कशाला? दिवसाला पाच ग्रॅम म्हणतोस, अर्धा किलो घे, शंभर दिवस जातील.” चांगला माणूस आहे, माझ्या भल्याचंच बोलला. मी त्याच्याशी बोलणं सोडलंय. पाच किलो म्हणजे हजार दिवस होतात, एवढं गणित मलाही येतं. घाऊक घ्यायचं तर घाऊक घ्यावं, हे मी बावीस वर्षं सांगत आलोय.

परवा व्यापाऱ्याचा निरोप आला. यंदाचा सगळा रिंगवूड तोडणीआधीच एका मोठ्या कारखान्यानं उचलला. पाच किलो नाही, पाच ग्रॅमही नाही. आता या बेटावर मला ठाऊक असलेला रिंगवूड एकाच शेडमागे आहे, आणि त्या शेडच्या मालकाला मी नऊ वर्षांपूर्वी ओली मेंढी म्हणालो होतो. (बिअरला म्हणालो होतो. पण तुला लागलं ते बरोबर लागलं.) तेव्हा अल्विन, माफी माग म्हणशील तशी मागतो, वीस माणसं जमव आणि त्यांच्यासमोर मागायला लाव. मला तुझा रिंगवूड पाच किलो हवा आहे. पोस्टानं पाठव, पाकीट नीट बंद कर, हवा लागू देऊ नकोस.

गुडघ्यांना जप.

तुझा (हे लिहायला चहा गार करावा लागला नाही)
मर्व्ह

ता. क. पोस्टानं पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये. तुझ्याकडून इथे यायला पाऊण तास लागतो. सगळं पत्र मी हॉपसाठी लिहिलं असं तुला वाटलं असेल, मलाही या ओळीपर्यंत तसंच वाटत होतं. ती झोपेत तुझं नाव घेते.

दुसरा ता. क. मी लिहिल्याचं तिला माहीत नाही. सहज या बाजूला आलो होतो, असं काहीतरी सांग. आणि टोपी गाडीतच ठेव.

दादा, मी ग्लेनिस. मर्व्ह पोस्टाचं तिकीट आणायला गेलाय आणि पत्र टेबलावर उघडंच टाकून गेलाय, तेव्हा वाचलं. तो येईपर्यंत शेवटच्या पानाच्या मागे घाईत लिहिते, मी लिहिलंय हे त्याला सांगू नकोस. मला अर्धा किलो पुष्कळ होईल. ते त्यालाही माहीत आहे. पण तू पाच किलोच आण, आणि त्याच्यासमोर तोलून दे. उरलेल्याची तुम्ही दोघं मिळून बिअर करा, तुझ्या अंगणात. लवकर ये, टोपी घालून आलास तरी चालेल. आणि नंतर त्याला ग्लास देशील तेव्हा लिंबापासून लांब बसव.