कोरडं बोट

सर, कर्वेनगरच्या क्लासात तुम्ही आम्हाला कपॅसिटर शिकवत होतात. मी व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. खडूची बोटं झटकत तुम्ही म्हणालात, "पाठ झालंय. आता कळायला किती वर्षं घेणार?" वर्ग हसला. मला भयंकर राग आला होता. पुढे त्याच विषयावर, खराडीतल्या टचस्क्रीनच्या कंपनीत, माझं पोट चाललं.

आधीचे टचस्क्रीन दाबावे लागत. वर एक पातळ पडदा, खाली दुसरा, मध्ये बारीक फट. दाबलं की दोन्ही टेकायचे आणि जागा कळायची. नख चालायचं, पेनाचं टोपणही. मग काचेचे आले. काचेखाली डोळ्यांना न दिसणारी जाळी, तिच्यावर किंचित विद्युतभार. बोट टेकलं की त्यातला थोडा बोटाकडे ओढला जातो, आणि तो कुठे कमी झाला ते चिप मोजते. म्हणजे तुमचाच दोन पट्ट्यांचा कपॅसिटर, फक्त त्यातली एक पट्टी माणसाची. किती बदल झाला की त्याला स्पर्श म्हणायचं, हे ठरवणं माझं काम. पाण्याच्या थेंबाला फसू नये म्हणून मी ती मर्यादा जरा जास्तच ठेवत असे. चाचणीला ऑफिसातलीच पंचविशीतली बोटं.

तसला फोन मी हौसेने तुम्हाला आणून दिला. "लँडलाइन काढून टाका आता," हेही मीच सांगितलं. कोथरूडच्या गॅलरीत तुम्ही काच घासताय आणि हिरवं बटण हलत नाहीये. मी म्हणतो, "सर, दाबू नका, नुसतं टेकवून सरकवा." तुम्ही तर्जनी माझ्यापुढे धरता. "मी जिवंत आहे की नाही, याची याला शंका दिसते." मी हसलो. सवय होईल म्हणालो.

नंतर मी फोन करायचो, तुम्ही उचलत नव्हतात. सर रुसलेत, असं मी सगळ्यांना सांगत होतो. तुम्ही गेल्यावर तुमच्या घरी भेटायला आलो तेव्हा काकू म्हणाल्या, "अरे, बोट ओलं करायला उठायचे ते. येईपर्यंत रिंग बंद. मग फोन समोर ठेवून बसायचे, परत येईल म्हणून." खडूने आणि वयाने वाळलेल्या कातडीकडे भार नीट ओढला जात नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच.

आता माझीही बोटं कोरडी पडलीत. मुलगी परदेशात, फ्लॅटमध्ये मी एकटा. तुमची फार आठवण येते. काकूही गेल्या, त्यामुळे हे पत्र टाकायला पत्ताच उरलेला नाही. म्हणून सांगून टाकतो. रिंग वाजून बंद झाली की मी परत लावत नसे. रागाने नव्हे, सर. आज बोलायचं टळलं, याचं बरं वाटायचं.