फळीवरचं पोरगं समेवर

पूर्णा,
१८ जानेवारी १९९२

चि. व्यंकटीस, तुझ्या दैवशालाताईचा आशीर्वाद.

माय बरी हाय. ज्वारी हुरड्यात आलीय. आबांचं खाली लिहिते.

तुझी कॅसेट मिळाली. भाड्यानं व्हीसीआर आणला, तर पिक्चर हाय समजून सगळी गल्ली लोटली. निघालं काय, तर चाकाच्या फळीवर उभं राहून कठड्यावरून उड्या मारणारी अमेरिकेतली पोरं! शेजारची कडूबाई म्हणली, "अगं बया, ह्यांच्या मायबापाला ठाव हाय का हे?" मधीच चित्र उलटं, मधीच नुसते रंगाचे फराटे. मला वाटलं कॅसेट बिघडली. मग तुझी चिठ्ठी आठवली, की ही फिल्म करणारे जॅझवाल्यांकडून अन् असल्याच उफराट्या चित्रकारांकडून शिकलेत, अन् तू बी पुण्यात फिल्मची चित्रं कापून जोडायचं हेच काम शिकायलास.

खरं सांगू? मी खुळ्यावानी बघतच राहिले. ते सनईवानी पण घोगरं वाद्य मनाला येईल तिकडं पळायलं, अन् फळी त्याच्या मागं. एक पोरगं दाणकन आपटलं. वाजवणारे थांबलेच न्हाईत. ते उठलं, परत आपटलं, परत उठलं. अन् मग ढोलाचा ठोका पडायला अन् फळी भुईला टेकायला एकच गाठ!

तवा बाजेवरून आवाज आला, "समेवर आला!"

आबा बोलले रे!

आता सांगतेच. दिवाळीत आबांना लकवा झाला. उजवं अंग गेलंय. तवापासून धड शब्द न्हवता. तू रेल्वेची नोकरी नाकारून गेलास त्याचा राग, म्हणून मायनं तुला कळवू म्हणलं की मान हलवून न्हाई म्हणायचे.

तर "समेवर आला" म्हणल्यावर जरा येळानं आबा म्हणले, "कणीक." मला वाटलं, भूक लागली. पळत जाऊन कणीक मळली, गरम पोळी केली. त्यांनी ताट ढकललं अन् खुंटीवरच्या पखवाजाकडं बोट केलं. भजनी घरची लेक मी, अन् पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लागते हेच इसरले!

मायनं पखवाज त्यांच्यापुढं ठेवला, मी कणीक थापली. आबांनी कॅसेट परत लावायला लावली. ते पोरगं पडलं की आबा डाव्या हातानं थाप देयाचे. काय घुमलं रे व्यंकटी! मी रडले, लाजले न्हाई.

लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून तू उजवी बाजू वाजवायचास अन् डावी ते, आठवतं का?

काल इचारलं, "व्यंकटीला बोलवू का?" आबा डावा हात लांबवून पखवाजाच्या उजव्या तोंडावरची धूळ पुसत बसले.

कणीक मी रोज ताजी मळायले. उजवी बाजू रिकामी हाय. ये.

तुझीच,
ताई