कॅलेंडरातलं आकाश

बाई,

काल मोबाईलवर आपलं ते चित्र सापडलं. तेच, तुमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरचं: ओढ्यात उतरलेल्या गायी, काठाला डेरेदार झाडं, लांब एक टेकडी. नीट बघितलं आणि एकटीच हसत सुटले. मूळ चित्रातलं आकाश सोनेरी आहे, बाई! ज्या हिरवट निळ्या आकाशापायी तुम्ही मला अख्खा उन्हाळा रडवलंत, तो रंग त्या परदेशी चित्रकाराचा नव्हताच. खिडकीतल्या उन्हानं तुमचं कॅलेंडर विटलं होतं, एवढंच. आपण दोघींनी जीव लावून उन्हाची नक्कल केली.

तेव्हा मी नुकतीच लग्न होऊन वस्तीवर आले होते आणि तुम्ही शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, श्रीगोंद्यात एकट्या राहत होतात. सासरे तालुक्याला निघाले की मला टेम्पोतून तुमच्या दारात उतरवायचे. 'एवढं एक चित्र होऊ दे, मग बास,' असं घरी ठरलं होतं. तुमच्याकडे जागा अशी नव्हतीच, म्हणून ओट्याशेजारी कॅनव्हास. जवस मला चटणीपुरता माहीत. त्याच्या तेलात रंग कालवतात हे तिथं कळलं. भाकरीलासुद्धा टर्पेंटाइनचा वास लागायचा. तुम्ही म्हणायचात, "खा गं. फार तर पोट रंगेल."

एकदा तुम्ही दळण आणायला गेलात आणि मी त्या गायींना आमच्या खिलार गायींची लांब शिंगं काढली. वाटलं, तुम्ही खूश व्हाल. तुम्ही पिठाचा डबा खाली ठेवलात, चिंधी घेतलीत आणि ओली शिंगं पुसून टाकलीत. "आपल्या गायी कुठं पळून चालल्यात का? आधी त्या चित्रकारानं काय बघितलं ते बघायला शीक." मी रुसले. पण पुढच्या खेपेला पुन्हा त्या गायींसमोर बसले, आणि हळूहळू दिसायला लागलं. लांबचं झाड नुसतं हिरवं नसतं, त्यात निळं मिसळलेलं असतं. सावली काळी नसते.

चित्र पुरं झालं त्या दिवशी सासरे न्यायला आले. तुम्ही त्यांना चहा दिलात आणि चित्रासमोर उभं केलंत. माझा जीव टांगणीला लागलेला. ते चित्राजवळ वाकले.

"पानी लई हाय तिकडं," ते म्हणाले. मग चहाचा घोट घेऊन, "गुरं निवांत हायेत. बरं वाटतंय बघून." आणि तुमच्याकडं वळले. "बाई, आता हिला आपल्याकडचं शिकवा की. आमचा बांध काय वाईट हाय व्हय?"

तुम्ही ओट्याला टेकून इतक्या हसलात की गॅसवरचं दूध उतू गेलं आणि कुणीच गॅस बंद केला नाही. निघताना तुम्ही तुमची रंगांची लाकडी पेटी माझ्या हातात दिलीत.

त्या संध्याकाळी टेम्पो काष्टीच्या रस्त्याला लागतो. दोन्ही बाजूंना ऊस, त्याच्या शेंड्यांवर तिरकं ऊन. मी एकदम ओरडते, "थांबवा, थांबवा!" सासरे घाबरून ब्रेक मारतात. "काय झालं गं?" "ती टेकडी बघा, निळी आहे!" ते माझ्याकडे बघतात, टेकडीकडे बघतात. "रोजच हुती की." पण इंजिन बंद करून उतरतात, आणि ऊन जाईपर्यंत आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे.

आता वस्तीवरच्या चौघी दुपारच्या माझ्याकडे रंगवायला येतात. माझी चित्रं बघून म्हणतात, "ताई, तुमचं रान किती हिरवंगार असतंय!"

हे पत्र टाकायचं कुठं? पण वाचून रागवायला तुम्ही आता राहिला नाहीत, म्हणून सांगून टाकते. गायींचे पाय मला अजून जमत नाहीत, बाई. म्हणून माझ्या प्रत्येक चित्रात गवत गुडघाभर वाढलेलं असतं.