कपाटामागची भेग

अहो,

घर घेणाऱ्यांनी पाठवलेला तपासणारा माणूस येऊन गेला. तुम्ही म्हणाला होतात, "दुपारपर्यंत तुझं मौन असतंच, आज ते कामी येऊ दे." मी चकार शब्द काढला नाही. पण कपाटाशी थांबून त्याने विचारलं, "काकू, हे जरा सरकवू का?" नुसती मान हलवून नाही म्हणायचं होतं, तेवढंही जमलं नाही. मी मान खाली घातली, त्याने ते होच धरलं.

तुम्ही बुजवून रंगवलेली भेग रंगासकट पुन्हा उकलली आहे. त्याची बोटं आत गेली. बारानंतर घेणाऱ्यांचा फोन आला, त्यांना घर नको. त्यामुळे या पैशांतून आपण घेणार होतो ती बिनजिन्याची जागाही गेली. तुमच्या गुडघ्यांसाठी केलेला सगळा खटाटोप माझ्यामुळे पाण्यात गेला.

तुम्हाला तोंड दाखवायचा धीर होत नाही, म्हणून देवळात जाऊन बसते. जेवण झाकून ठेवलं आहे. कपाट एकट्याने परत लावू नका. ते होतं तिथेच तुमचं अंथरूण घातलं आहे, भेगेला लागून. खाली दुसरीकडे जागा नाही, आणि जिना आता तुम्हाला चढवणार नाही.