चिंध्यांची पोती आणि तुझी मैत्रीण

चि. धाकटीस,

तुझी ती मैत्रीण मैत्रीण नव्हतीच, हा संशय मला तेव्हाच आला होता. चहाला आलेली बाई तुझ्या बाबांच्या शिवणकामाच्या चिंध्यांची पोती कशाला न्याहाळेल? “काकू, यातली एक चिंधी टाकली तर काय वाटेल?” म्हणाली. मी म्हटलं, “तुझी पर्स टाकली तर काय वाटेल, ते आधी सांग.”

पुढे घरपोच वाचनालयातून आलेल्या मनोविकारांच्या पुस्तकात नेमका तोच प्रश्न सापडला. डॉक्टर विचारतात तो. पुस्तक म्हणतं, काहीच टाकवत नाही हा आळस नाही, आजार आहे; घरातलं माणूस गेलं की वाढू शकतो, आणि मदत मिळाली तर हळूहळू उतरतोही. वाचून रडले. बाबा होते तेव्हा पोती माळ्यावर मावत होती. आता ती पलंगावर आहेत आणि मी खुर्चीत झोपते. हे तुला सांगितलं नव्हतं.

तिला पुन्हा आण, पण डॉक्टर म्हणून आण. एक पोतं मी माझ्या हातानं देईन.

एवढं लिहून चार दिवस झाले. पत्रपेटी कोपऱ्यावरच आहे. पण मी जिना उतरले, की तू तुझ्याकडच्या किल्लीनं आत शिरून सगळं रिकामं करशील, असं वाटत राहतं. म्हणून अजून गेले नाही.

तुझी,
आई